फेर्नाचा डोंगर आणि नोंदवहीतला एक शब्द

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या किटलीतला चहा पीत, जमिनींवर शिकारीचा कर बसवणाऱ्या मूल्यांकन कार्यालयाचे निरीक्षक श्री. गॅव्हिन प्रिंगल यांनी माझ्या मयत भावाच्या अठ्ठावीस हिवाळ्यांच्या कामापुढे "शौकाची शिकार" असे लिहिले. वेळ नक्की सांगता येते, कारण त्याच क्षणी ओव्हनचा गजर वाजला आणि मी स्कोनचे पाव काढायला उठले. परत वळले तेव्हा ते पेनाचे टोपण लावत होते. त्या लिहिण्यात माझाही हात होता. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठी आहे. बाकीची वाटणी त्या निमित्ताने होईल.

मी, यूफेमिया ॲग्नेस मॅकव्हॅरिश, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार टाय-ना-कोइल, ग्लेन फेर्ना, गाव किलवोरी, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतः टंकलिखित करत आहे. चौतीस वर्षे मी वकिलाच्या कचेरीत इतरांची मृत्युपत्रे टंकलिखित केली, त्यामुळे कोणते वाक्य कुठे अडकते हे मला ठाऊक आहे. डोके ठीक आहे. यकृत ठीक नाही. डॉक्टर वसंत ऋतूबद्दल माझ्याशी बोलायचे टाळतात, यावरून मला जे समजायचे ते समजले.

१. याआधीचे, सन १९९८ चे माझे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी डोंगरातला माझा अर्धा हिस्सा शेजारच्या आर्डनाश्क इस्टेटीला विकावा असे लिहिले होते, कारण "माझा भाऊ तिथे फक्त खेळतो". हे शब्द माझे आहेत. ते मी टंकलिखित केले आणि त्याची प्रत जेवणाच्या टेबलावर, त्याला दिसेल अशी ठेवली. लॅखलनने ती वाचली, मिठाच्या बरणीखाली सरकवली आणि म्हणाला, "एक चूक आहे बघ, एफी. मी खेळतो ते फक्त तिथे नाही, शनिवारी पत्ते पण खेळतो." यापलीकडे तो त्याबद्दल कधी बोलला नाही. माझा भाऊ वाद घालत नसे. त्याचा हा गुण मला आयुष्यभर दुर्गुण वाटला.

२. व्यवस्थापक म्हणून मी वकील श्री. रोनाल्ड गिलीस यांना नेमते. त्यांच्या वडिलांचे अक्षर मला लागत असे, त्यांचे लागत नाही. त्यांनी सर्व पत्रव्यवहार टंकलिखित करावा.

३. घर आणि त्यातील सामान विकून येईल ते किलवोरीच्या चर्चच्या छपरासाठी द्यावे. पियानो देऊ नये, तो वाजत नाही. ज्याला न्यायचा असेल त्याने सरपणासाठी न्यावा आणि मला कळणार नाही अशा वेळी न्यावा. ती वेळ आता लवकरच येईल.

४. लॅखलनची बंदूक, पोलिसांचा परवाना मिळण्याच्या अटीवर, आणि त्याची पितळी दुर्बीण आर्डनाश्क इस्टेटीचे मुख्य रखवालदार टॉरकिल मॅकइसॅक यांना द्यावी. शेजारच्या इस्टेटीतल्या माणसाला का, असे गाव विचारेल. मार्च महिन्यात तो उशिरा सांत्वनाला आला तेव्हा ती नोंद कळवणारे प्रिंगल यांचे पत्र टेबलावर होते. त्याने ते दोनदा वाचले.

"शौक? एफीबाई, आमच्याकडे पाहुणा येतो तो शिंगाळ्या नर हरणासाठी. सप्टेंबरात येतो, तेही ऊन असेल तर. डोंगर चढून दमला की वरच सँडविच खातो नि माझ्याबरोबर फोटो काढतो. जानेवारीत गारा झेलत हरिणी मारायला कोण येतंय पैसे देऊन?"

"तुमच्या साहेबांना तर लॅखलन नकोसाच होता."

"नकोसाच. इथे हरिणी कमी झाल्या की आमच्याकडे नर कमी होतात ना. साहेब म्हणायचे, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी मासेमारीचं वेड लावा रे." मग तो पत्राची घडी घालत म्हणाला, "पण मी कधी लावलं नाही."

जो मौज घेतो त्याने कर भरावा, हे मला मान्य आहे. आर्डनाश्कने भरावा. प्रिंगलसाहेबांनी त्यांच्याकडे जाऊन चहा प्यावा.

५. बैठकीतले नर हरणाचे डोके, शिंगांसह, मी मूल्यांकन कार्यालयाला देते. श्री. प्रिंगल ते पाहून म्हणाले होते, "सुंदर आहे. भावाची शिकार का?" ते भावाने मारलेले नाही. सन १९८३ मध्ये एका बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावातून, भिंतीवरच्या ओलीचा डाग झाकायला मी ते आणले. लॅखलनला ते आवडत नसे. त्याच्याकडे पाठ करून तो जेवत असे. कार्यालयाच्या भिंतीला ओल असल्यास उपयोगी पडेल.

६. आता मूळ गोष्ट. फेर्नाचा डोंगर, सुमारे नऊशे एकर, भावाच्या मृत्यूनंतर पूर्णपणे माझ्या नावावर आहे. आमच्या वडिलांनी तो घेतला तेव्हा त्यावर गवत आणि दगड होते. झाड उगवे आणि हरणे ते बोटभर उंचीवर खात. लॅखलनने तिथे कुंपण घातले नाही. तो म्हणे, कुंपण घातले की हरणे दुसऱ्याच्या दारात उपाशी मरतात. दर हिवाळ्यात तो ठरवून हरिणी मारी, दोराने ओढत खाली आणी, आणि वसंतात गुडघ्यांवर बसून रोपांचे शेंडे मोजी. आज तिथे बर्च आणि रोवनची झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. असे मला सांगतात. मी पाहिलेले नाही.

हा डोंगर मी किलवोरी ग्रामवन मंडळाला देऊ इच्छिते. मंडळ घ्यायला तयार आहे, पण त्यांच्या घटनेनुसार शौकाच्या शिकारीची म्हणून नोंदलेली जमीन त्यांना घेता येत नाही. नोंद "हरणांची संख्या राखणे" अशी असली तरच येते. नोंद कोणतीही असली तरी कर सवलतीत माफ होतो, त्यामुळे मी रकमेसाठी भांडत नाही. एका शब्दावर डोंगर कोणाकडे जाणार ते ठरते. मंडळाने घेतला नाही तर, मला वारस नसल्याने, तो विकावा लागेल आणि घेणारे एकच आहेत, आर्डनाश्क. ते हरिणी मारणे थांबवतील. टॉरकिलच्या अंदाजाने तीन हिवाळ्यांत खालची रोपे जातील, आणि मोठ्या झाडांच्या साली सोलल्या जातील.

७. त्या सकाळी नेमके काय झाले, ते मी शपथेवर नोंदवते.

श्री. प्रिंगल यांनी विचारले, "तुमचे बंधू पाहुणे आणत का?"

"नाही."

"मांस विकत?"

"गावात वाटत. उरलेलं व्यापारी नेई."

"कोणाच्या सांगण्यावरून मारत? कोणता करार, सरकारी योजना?"

"नाही. स्वतःच्या मनाने."

"हं. आणि, मिस मॅकव्हॅरिश, त्यांना आवडायचं का हे?"

मी म्हणाले, "आवडायचं? त्याचा जीव होता त्यात. लग्न केलं नाही, चर्चमध्ये झोपा काढल्या, पण हिवाळ्यात एक दिवस घरी बसला नाही."

सिस्टर इग्नेशिया यांनी आम्हाला शिकवले होते की विचारले तेवढ्याचे खरे उत्तर द्यावे आणि गप्प बसावे. मी तेवढ्याचे उत्तर दिले आणि गप्प बसले. सिस्टरना मी आजवर दोष दिला नाही, आजही देत नाही. शाळा सोडून मला एकसष्ट वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत पुढचे वाक्य बोलायला शिकायला हवे होते.

८. पण मी जे बोलले ते खरेही नव्हते. हे मला एप्रिलमध्ये कळले.

मागच्या शेडमध्ये बुटांची खोकी होती. मी ती टाकून देण्यासाठी उघडली. त्यांत हरणांचे खालचे जबडे निघाले, स्वच्छ उकडलेले, प्रत्येकाला तारेने चिठ्ठी बांधलेली. एकूण सहाशे अकरा. दातांवरून वय कळते, आणि वयावरून पुढच्या वर्षी किती मारायची ते ठरवता येते, असे टॉरकिलने मला नंतर समजावले. चिठ्ठीवर तारीख, जागा, वजन, वय. लॅखलनचे ते तिरके अक्षर, ज्यावर मी शाळेत हसत असे. काही चिठ्ठ्यांच्या मागे एखादी ओळ असे. "दूध नव्हते." "पाय जुना मोडलेला, तरी चार वर्षे जगली." आणि एका लहान जबड्यावर, १४ जानेवारी २००९: "आई पडली, पाडस जागचे हलेना. एकटे उपाशी मेले असते. दुसरी गोळी त्याला घातली. जेवलो नाही."

ती संध्याकाळ मला आठवते. मी कलेजी कांद्यावर परतली होती. तो ताट सरकवून उठला आणि मी म्हणाले, "दिवसभर खेळून आलास, आता रुसायला काय झालं? कोणी हरवलं का तुला?"

"दमलोय, एफी."

"तुझं ते दमणं दमणं नव्हे. कचेरीत बसून बघ एकदा."

त्याने स्वतःचे ताट धुतले, माझेही धुतले, आणि वर गेला.

त्याला डोंगर आवडत असे. मारणे आवडत नसे. हे दोन वेगळे आहे, आणि त्याच्याबरोबर अठ्ठाहत्तर वर्षे एका छपराखाली राहून ते मला माहीत नव्हते. मग एका चहात प्रिंगल यांना कसे कळावे? त्यांनी माझा शब्द घेतला. शब्द माझा होता. तो मी जवळजवळ तीस वर्षे घरात वापरत होते, त्यांनी तो फक्त सरकारी कागदावर चढवला.

दर हिवाळ्यात तो विचारी, "एक दिवस चल ना वर. दोराचं दुसरं टोक धरायला." गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस शेवटचे विचारले. मी म्हणाले, "खेळायला तुझ्या वयाचा गडी शोध." तेरा दिवसांनी निमोनियाने तो गेला.

९. ती सहाशे अकरा हाडे ग्रामवन मंडळाला द्यावीत, खोक्यांचा क्रम न मोडता. डोंगर त्यांना मिळो वा न मिळो. दोर कोणाला देऊ नये. माझ्या शवपेटीत ठेवावा. फादर नाही म्हणाले तर त्यांना सांगावे की मी विचारलेले नाही.

१०. मे महिन्यात मी कार्यालयाला लिहून माझे विधान मागे घेतले आणि जबड्यांची छायाचित्रे पाठवली. उत्तर आले की छायाचित्रांवरून हरणे मारली गेली एवढेच सिद्ध होते, आणि त्याबद्दल कार्यालयाचे दुमत नाही. ऑगस्टच्या पत्राला उत्तरच नाही. म्हणून या मृत्युपत्राची एक प्रत आजच नोंदणी टपालाने कार्यालयाकडे जात आहे. मी जिवंत असताना मृत्युपत्र धाडणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मला माहीत आहे.

पानापानावर सही केली आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, वाचायला दिले नाही, कारण दोघीही रडतात.

ठिकाण: टाय-ना-कोइल, ग्लेन फेर्ना
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

(सही) यूफेमिया ॲग्नेस मॅकव्हॅरिश

साक्षीदार:
(सही) बेथाग मॅकडोनेल, टपालवाटप, किलवोरी
(सही) शीला रँकिन, चर्चच्या घरकामाच्या व्यवस्थापक, किलवोरी

श्री. प्रिंगल यांस: मला फोन करू नये, फोन मृत्युपत्राला जोडता येत नाही. एका प्रश्नाचे उत्तर लेखी हवे आहे. माणसाने आपल्या कामाला जीव लावला, म्हणून ते काम आपल्या कार्यालयाच्या लेखी शौक ठरते का? होय असल्यास कोणत्या नियमान्वये, तो कलम क्रमांकासह कळवावा. नाही असल्यास नोंद दुरुस्त केल्याचा दाखला जोडावा. उत्तर शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५ रोजी दुपारी बारापर्यंत माझ्या हाती पडले पाहिजे. न पडल्यास मंडळाला डोंगर घेता येणार नाही, आणि श्री. गिलीस सोमवारी, १५ डिसेंबरला सकाळी तो विक्रीस काढतील. त्यांना तशी सूचना दिलेली आहे, आणि ती परत घेण्याइतका वेळ माझ्याकडे असेल असे आपण धरून चालू नये.