इंजेक्शननंतरचा अर्धा तास

इंदिरा नगर, लखनौ
रविवार

प्रिय ऋता,

बारा तारखेची तिकिटं मिळाली. येताना तू एकटी, जाताना तू आणि आई. छापील अक्षरांत तिचं नाव दोनदा वाचलं. तिला कायमची पुण्याला नेणार आहेस, त्याबद्दल मी तक्रार करत नाही. इंजेक्शनं तिकडेही चालू ठेवता येतील असं डॉक्टर म्हणाले. पण तू निघण्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून कुरियरने पाठवतोय. फोनवर मला जमत नाही. तू भराभर बोलतेस आणि मी हल्ली वाक्याच्या मध्येच दमतो.

काल आईचं नववं इंजेक्शन झालं. मधमाशीचंच विष, पण इतकं पातळ केलेलं की अंगाला पत्ता लागू नये. अंगाला सवय व्हावी म्हणून आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, पुढे महिन्याला एक, असं तीन ते पाच वर्षं. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, काही झालंच तर अ‍ॅड्रिनलिन हाताशी असतं. त्या अर्ध्या तासात आई डोळे मिटून घेते आणि मी मनात वृत्ताचे गण मोजतो. साताऱ्याच्या शाळेत आमचे गुरुजी टेबलावर छडीने भुजंगप्रयात वाजवायचे, यमाचा यमाचा यमाचा यमाचा. साठ वर्षं नुसती चाल आवडत आली. 'यमाचा' या शब्दाचा अर्थ आता त्या बाकावर बसून कळला.

तिथे मलिहाबादकडचे रामसजीवन भेटतात. मधमाश्यांच्या साठ पेट्या आहेत त्यांच्याकडे. वीस वर्षं डंख खाल्ले, कधी काही झालं नाही, आणि गेल्या वर्षी आंब्याच्या मोहरात एका माशीने त्यांना आडवं केलं. आता अ‍ॅड्रिनलिनची कुपी आणि सुई खिशात घेऊन हिंडतात, आणि ही इंजेक्शनं घेतात ती पेट्या सोडवत नाहीत म्हणून. काल म्हणाले, "बाबूजी, पहले मक्खी ख़ुद आके काटती थी, अब हम नंबर लगाके कटवाते हैं." आई हसली. फार दिवसांनी.

आपल्या गच्चीवरच्या दोन्ही पेट्या त्यांनाच देऊन टाकल्या. तुला आठवतं, रेल्वेतून सुटल्यावर पहिली पेटी आणली तेव्हा आई काय म्हणाली होती? "इतकी वर्षं रुळांशी बोललात, आता माश्यांशी बोला. माझा नंबर कधी?" मी उत्तराऐवजी त्यावरही एक श्लोक रचून ऐकवला होता. सरसोंचा, म्हणजे मोहरीच्या फुलांचा मध थंडीत तुपासारखा गोठायचा, तो ती चमच्याने खरवडून तुला डब्यात भरून पाठवायची. आता गच्चीवर नुसतं ऊन असतं.

जानेवारीत तुला मी फोनवर सांगितलं, आई कपडे वाळत घालायला गेली आणि पेटीला धक्का लागून माश्या डसल्या. तू मिळेल त्या विमानाने आलीस आणि तिच्या उशाशी उभी राहून बोललीस, "कितीदा सांगितलं गं, त्या पेट्यांकडे जाऊ नकोस! तुला कशाचं भानच नसतं. इथे ठेवायची सोय नाही तुला." तिच्या हाताला सलाईन लावलेलं. ती म्हणाली, "चुकलं बाई." मी खिडकीशी उभा होतो. बाहेर बघत होतो.

ऋता, तिचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशी कपडे वाळत घालायला कोणीच गेलं नव्हतं. माश्या पाळणारे मानतात की डंखाने सांधे मोकळे होतात. मी एका पुस्तिकेतही वाचलं होतं. मला दिवसाला दहा डंख बसत, काही होत नसे. तिचेही गुडघे सुटतील असं वाटलं. डिसेंबरपासून दर रविवारी तिला उन्हात खुर्चीवर बसवायचो आणि चिमट्यात माशी धरून गुडघ्यावर टेकवायचो. पाचव्या रविवारी पाय घोट्यापर्यंत सुजला. ती म्हणाली, "पुरे झालं हो." मी म्हटलं, गुण येतोय. सहाव्या रविवारी पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, मग आवाजच बंद झाला. शेजारच्या तिवारीजींनी गाडी काढली म्हणून ती आहे. काल मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिला विचारलं, "माताजी, आपने मना नहीं किया?" तर म्हणते, "ये कहीं पढ़कर आए थे." तिला कुठे राहायचंय ते तिलाच विचार, मी खोलीत नसताना. ती तुझ्याबरोबर आली तर आनंदाने ने, पण बेफिकीर म्हणून नेऊ नकोस. हे तुला कळवू नका असं तिने दोनदा बजावलंय. तरी लिहितोय, कारण हल्ली तुझा फोन वाजला की उचलण्याआधी ती माझ्याकडे बघते.

तुझाच,
बाबा