आपण दोघं एकाच बॅचला

बाबा, आपण दोघं एकाच बॅचला होतो हे मी ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर लोक कौतुक करतील, आणि त्या दिवसांत कौतुकासारखं फारसं काही नव्हतं. भोसरीच्या कारखान्यानं तुमचं मोटार वाइंडिंगचं खातं बंद केलं, तुम्ही व्हीआरएस घेतली, म्हणजे घ्यावी लागली. मी बीएस्सी होऊन घरीच होते. तेव्हा जो तो कॉम्प्युटरचं काहीतरी शिकत होता. नारायण पेठेतल्या नेटवर्किंगच्या क्लासची जाहिरात तुम्ही पेपरातून कापून ठेवलीत, ती माझ्यासाठी असं आईला वाटलं. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर तुम्ही दोन अर्ज मागितलेत, तेव्हा कुठे मला कळलं.

शिकवणारे सर माझ्याहून थोडेच मोठे. केबलच्या टोकाला कनेक्टर बसवायचा आणि त्यात आठ बारीक रंगीत तारा ठरलेल्या क्रमानं सरकवायच्या, हा पहिला धडा. जन्मभर तांब्याची तार गुंडाळलेली तुमची बोटं सरावाची होती, पण फिकट नारिंगी पट्टा कुठला आणि फिकट तपकिरी कुठला, ते चाळिशीतून दिसत नव्हतं. तुमची केबल टेस्टरवर पुन्हा नापास होते आहे, आणि सर सगळ्यांसमोर म्हणतात, "काका, चष्मा बदला, नाहीतर क्षेत्र बदला." तुम्ही वर न बघता उत्तर देता, "क्षेत्र बदललंय म्हणूनच इथे आलोय." वर्ग हसला, सरही हसले. मी मागच्या बाकावर होते. तुमची मान लाल झालेली मला दिसत होती.

घरी आई टेबलाच्या अर्ध्या भागावर मेथी निवडायची आणि उरलेल्या अर्ध्यावर आपला अभ्यास चालायचा. नेटवर्कमधल्या पत्त्यांचा धडा तुमच्या डोक्यात शिरेना आणि मी चिडून त्याच त्या इंग्रजी वाक्यांनी तो समजावत राहिले. शेवटी तुम्ही म्हणालात, "म्हणजे पेठ कुठे संपते आणि घर नंबर कुठे सुरू होतो, एवढंच ना? मग तसं सांग की." परीक्षेत आपण दोघंही चांगले पास झालो. आईनं शिरा केला होता.

मग नेटवर्कची कामं घेणाऱ्या एका कंपनीकडून मुलाखतीला दोघांना बोलावणं आलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाइल घेऊन माझ्याशेजारी उभे आहात, आणि रिसेप्शनवरची मुलगी अगदी नम्रपणे सांगते की पालकांनी खाली थांबावं. मी तिला म्हटलं की त्यांचीही मुलाखत आहे. ती गोंधळली, यादी चाळू लागली. तिला नाव सापडायच्या आतच तुम्ही म्हणालात, "राहू दे. मी खाली आहे." आणि जिन्यानं उतरून गेलात. मला नोकरी लागली. आईला तुम्ही सांगितलंत की तिथलं काम काही आपल्याला पटलं नाही.

पुढे तुम्ही केबल टाकणाऱ्या एका कंत्राटदाराकडे लागलात. बाणेर रस्त्यावरच्या एका नव्या ऑफिसात आमच्या कंपनीकडून मी नेटवर्क जोडायला गेले, तर शिडीवर, छताच्या उघड्या चौकोनात खांद्यापर्यंत आत गेलेले तुम्ही. मी हाक मारणार तोच तुम्ही खाली उतरलात, हात झटकलेत आणि हळू आवाजात म्हणालात, "इथे मला बाबा म्हणू नकोस. काका म्हण." दुपारभर मी तुम्हाला काका म्हणत राहिले. काका, केबल जरा ढिली सोडा. काका, पलीकडच्या टेबलाला एक जास्त द्या. तुम्ही "हो मॅडम" म्हणत होतात. त्यात तुमची नेहमीची खोच होती का, हे मी कान देऊन ऐकत होते. नव्हती. संध्याकाळी घरी तुम्ही चहा घेतलात, पेपर वाचलात. ते काका म्हणायला लावणं माझ्यासाठी होतं की तुमच्यासाठी, हे विचारायचं मी पुढे ढकलत राहिले, आणि मग तुमचं आजारपण सुरू झालं.

तुमचं तेव्हाचं वय आता माझं आहे. कंपनीनं आमचं सगळं काम बदलायला काढलंय. आमच्या वयाच्या सगळ्यांना नव्यानं प्रशिक्षणाला बसवलं आहे, आणि शेवटी परीक्षा आहे. स्क्रीनवरचा शिकवणारा मुलगा मला मॅडम म्हणतो आणि माझी चूक फार सौम्यपणे दाखवतो. त्यानं टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. शनिवारी सरावाची परीक्षा झाली. मी नापास झाले.

हे लिहून मी कुठे पाठवणार, बाबा. पण एवढं तरी कुणाला तरी सांगायचं होतं. घरी मी सांगितलंय की हे प्रशिक्षण ऐच्छिक आहे. तसं नाही.