दाखले वगळून बाकी सर्व

मी, श्रीमती सुगंधा शांतवन रणपिसे, वय ७१ वर्षे, धर्म ख्रिस्ती, निवृत्त परिचारिका, राहणार वडगाव शेरी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. ज्यांना शंका होती त्यांच्यासाठीच ते घेतले. हे लिखाण मी कोणाच्याही दडपणाखाली केलेले नाही. दडपण आणायला चर्चच्या कमिटीचे लोक दोनदा येऊन गेले; दोन्ही वेळा चहा-बिस्किटे घेऊन परतले.

१. प्रथम माझ्या पतीविषयी, कारण त्यांच्याशिवाय पुढील कलमे कोणाला समजणार नाहीत. ख्रिस्तवासी शांतवन रणपिसे हे शाळेत चित्रकला शिकवत आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करत. त्यांची ख्याती दाखल्यांची होती. घरातली एखादी वस्तू उचलायची, पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या मंचावर, न्यायची आणि तिच्यातून आत्मिक बोध काढायचा. स्कूटर सुरू करण्याआधी एका अंगाला वाकवावी लागते, तसे पापी माणसाचे. कुकरची शिट्टी झाली म्हणजे डाळ शिजली असे नव्हे, तसे मोठमोठ्याने प्रार्थना करणाऱ्यांचे. पुढे काळ बदलला. घरोघरी केबल आली, मोबाइल आला, खराडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि देवाला नुसता मिस्ड कॉल देऊन भागत नाही हेही मंडळीला समजले. लोडशेडिंगच्या दिवसांत पवित्र आत्मा आणि इन्व्हर्टर यांवर लागोपाठ तीन रविवार उपदेश झाले. इन्व्हर्टर माझ्या पेन्शनमधून आला होता, हा मुद्दा त्यात बसला नाही.

माणूस वाईट नव्हता. वस्तू वापरायची मी आणि तिचा अर्थ काढायचे ते, अशी आमची वाटणी होती. मुंग्यांच्या उद्योगीपणावर ते चर्चमध्ये बोलत असत, त्या वेळी मी घरी साखरेच्या डब्याभोवती पावडर टाकत असे. अंगणातला शेवगा तीन वर्षे फळला नाही, तेव्हा निष्फळ झाडाविषयी उपदेश झाला. चौथ्या वर्षी मी बुंध्याशी आंबट ताक आणि राख घातली, झाड शेंगांनी लगडले आणि उपदेश प्रार्थनेच्या सामर्थ्यावर झाला. ताकाचे नाव निघाले नाही. मला त्याचे विशेष वाईट वाटले नाही, सांबारात शेंगा भरपूर पडल्या.

२. राहते घर. वडगाव शेरी येथील प्लॉट व त्यावरील दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पडवी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून मी ती घेतली आणि रात्रपाळ्या करून फेडली. सर्व कागद माझ्या नावावर आहेत. हे मुद्दाम लिहिते, कारण ‘खडकावर बांधलेले घर’ म्हणून या घरावर इतके उपदेश झाले आहेत की ते रणपिसे सरांनीच बांधले अशी सर्वांची समजूत आहे. इथली जमीन काळी आहे. दर उन्हाळ्यात मागच्या भिंतीला भेग पडते आणि गवंडी मी बोलावते.

यांच्या मृत्यूनंतर कमिटीने ठरवले की या घराचे स्मारक करावे. दाखल्यांतल्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, प्रत्येकीवर बोधाची चिठ्ठी लावायची, आणि शब्बाथ शाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेची, मुले रांगेने आणायची. मी कुठे राहायचे असे विचारले तेव्हा सेक्रेटरी श्री. रंगनाथ पाटोळे म्हणाले की आपण आहातच ना, आपण मुलांना माहिती सांगाल. चिठ्ठ्या लॅमिनेशन करून आल्यासुद्धा. एका सकाळी पोळ्या करायला घेतल्या तर पोळपाटाच्या पाठीला ‘नम्रता’ चिकटवलेली होती. गरम पाण्यानेसुद्धा निघाली नाही.

३. माझी मुलगी कल्याणी. हिने श्री. रियाज तांबोळी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. रियाज यांचे लष्कर भागात चष्म्यांचे दुकान आहे, तीन पिढ्यांचे. तिने धर्म बदलला नाही, त्यांनीही नाही, त्यामुळे दोन्हीकडचे लोक सारखेच नाराज झाले. माझ्या यजमानांनी तिच्याशी बोलणे बंद केले. एवढे घरात झाले असते तर घरातच राहिले असते. परंतु पुढच्या कापणीच्या सणाला, जेव्हा लोक धान्य-भाज्या अर्पण करतात आणि मग त्यांचा लिलाव होतो, तेव्हा हे शेवग्याची तोडलेली फांदी हातात घेऊन पुलपिटावर उभे राहिले. स्वतःच्या मुलीला त्यांनी हरवलेली म्हटले. बाप दार उघडे ठेवून वाट पाहतो आहे, असेही म्हणाले. बायका रडल्या. तो दाखला इतका गाजला की यांच्या दाखल्यांच्या पुस्तिकेत छापला गेला, आणि शब्बाथ शाळेची मुले दर नाताळात त्याचे नाटुकले करतात. शेवटी फाटक्या साडीतली मुलगी गुडघ्यांवर चालत येते. कल्याणी आयुष्यात कधी फाटक्या साडीत हिंडलेली नाही. ती एका बँकेत अधिकारी आहे.

आता जे कोणाला माहीत नाही ते लिहिते. यांची प्रार्थनासभा दर बुधवारी संध्याकाळी असे आणि कल्याणी दर बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे येत असे. सभेत हे हरवलेल्या मेंढरासाठी अश्रू ढाळत, तेव्हा मेंढरू माझ्या स्वयंपाकघरात वरण-भात खात असे. वर्षानुवर्षे हे चालले.

यांना ठाऊक होते की नव्हते, हे मी त्यांना विचारले नाही. फक्त एक नमूद करते. घरात आम्ही दोघे, आणि बुधवारी रात्री ओट्यावर तीन ताटे पालथी घातलेली असत. जो माणूस भिंतीवरच्या पालीतून बोध काढत असे, त्याने त्या तिसऱ्या ताटावरून एक अक्षर काढले नाही. उलट, शेवटच्या वर्षी सभा लवकर सुटली तरी हे कोपऱ्यावरच्या दुकानात उभे राहत आणि उशिरा येत. मला त्यांचा राग येतो तेव्हा मी हे आठवते आणि रडते. मग पुस्तिका आठवते आणि पुन्हा राग येतो.

४. मागच्या महिन्यातील घटना, जिच्यामुळे हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. बुधवार होता. कल्याणी पडवीतल्या वेताच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. श्री. पाटोळे उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन आले. ते नगरहून आमच्या मंडळीत आले ते तिच्या लग्नानंतर, त्यामुळे त्यांनी तिला कधी पाहिलेले नव्हते. मी आत चहा ठेवत होते, पण मला सर्व ऐकू येत होते.

“ताई, जरा उठता का? ही एक राहिली आहे,” ते म्हणाले.

ती मटारचे ताट घेऊन उठली. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी दाबून बसवली. तिच्यावर लिहिले होते : ‘हरवलेल्या लेकीची खुर्ची. पित्याने अखेरपर्यंत रिकामी ठेवली.’ वास्तविक त्या खुर्चीत बसून हे पायाची नखे काढत असत. कल्याणीने चिठ्ठी पूर्ण वाचली.

“बसू का आता?”

“आता नको. ही प्रदर्शनातली झाली. आपण त्या स्टुलावर बसा.”

ती स्टुलावर बसली आणि मटार सोलू लागली. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात विचारले, या कोण? मी म्हणाले, माझी मुलगी. त्यांचा चेहरा उजळला. “अरे वा, म्हणजे आपल्याला दुसरीही आहे? सरांच्या बोलण्यात कधी आलं नाही.” चहा पिऊन, दुसऱ्या मुलीला सलाम करून ते निघून गेले.

कल्याणी इतकी हसली की मटार घरभर सांडले. नंतर ती जमिनीवर बसून ते वेचत होती आणि बराच वेळ तिने मान वर केली नाही. मी तिला म्हणाले, घर तुझ्या नावाने करते. ती म्हणाली, “आई, घर कोणालाही दे. मला त्या दाखल्यातून बाहेर काढ. आयेशाच्या कॉलेजात आपल्या चर्चची एक मुलगी आहे. तिनं आयेशाला विचारलं, ती हरवलेली ती तुझीच आई का गं? पोरगी घरी येऊन मला विचारते, तू काय केलं होतंस?”

आयेशा ही माझी नात. तिला काय सांगायचे हे तिच्या आईला सुचले नाही. मलाही त्या वेळी सुचले नव्हते. तेच सांगण्यासाठी हा कागद आहे.

५. वाटप. घर, त्यातील वेताच्या खुर्चीसह, कल्याणीला. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, किंवा पाडून टाकावे. स्मारक करू नये. घराबरोबर कोणताही बोध दिलेला नाही.

बँकेतील ठेवी आणि इन्व्हर्टर माझा मुलगा चेतन याला. तो खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथेच त्याचा फ्लॅट आहे, आणि बापाचे सर्व दाखले त्याने वेबसाइटवर टाकले आहेत. घराबाबत त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “मम्मी, ताईला दे, मला काही इश्यू नाही, फक्त पेपर्स क्लिअर ठेव.” पेपर्स क्लिअर आहेत. त्याने फांदीचा दाखला वेबसाइटवरून काढावा. तो म्हणतो की सर्वांत जास्त लोक तोच वाचतात. म्हणूनच काढावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तोच करील.

शेवग्याच्या शेंगा, झाड उभे आहे तोवर, शेजारच्या दुर्गाबाईंना. त्या तशाही नेतात. आता हक्काने नेतील, एवढाच फरक.

माझी शिलाई मशीन महिला मंडळाला नाही. कारण मंडळाला माहीत आहे. ती आयेशाला.

शिल्लक पुस्तिका रद्दीत द्याव्यात.

भांडीकुंडी, कुकर, पोळपाट-लाटणे, सायकल, भिंतीवरचे घड्याळ या सर्व वस्तू चर्चच्या कापणीच्या सणातील लिलावाला द्याव्यात. पुकारणाऱ्याने वस्तूचे नाव आणि अवस्था एवढेच सांगावे. उदाहरणार्थ, “कुकर, पाच लिटर, गॅस्केट नवीन.” त्याहून अधिक अर्थ काढल्यास वस्तू परत घ्यावी. पोळपाटाची चिठ्ठी निघत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावे.

६. वरील वस्तू चर्चला मिळण्यास एकच अट आहे. माझ्या अंत्यविधीच्या वेळी उपदेशाऐवजी पुढील निवेदन पुलपिटावरून वाचावे. माझ्या चाळीस वर्षांच्या सेवेतून, माझ्या आजारातून किंवा शवपेटीच्या लाकडातून काहीही शिकवू नये. निवेदन असे :

‘मी सुगंधा रणपिसे, सत्य प्रतिज्ञेवर सांगते की माझी मुलगी कल्याणी कधीही हरवलेली नव्हती. तिचा पत्ता मला माहीत होता. ती लग्न करून लष्कर भागात राहत होती आणि दर बुधवारी आईकडे जेवायला येत होती. तिने काहीही वाईट केलेले नाही. मला एकच मुलगी आहे. ती आत्ता इथे पहिल्या बाकावर, आपल्या नवऱ्याशेजारी आणि मुलीशेजारी बसली आहे.’

तिला पहिल्या बाकावर जागा ठेवावी. ती येईल का, हे मला ठाऊक नाही. मी तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, आधी त्यांना वाचू तर दे.

७. साक्षीदारांबाबत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून श्री. रंगनाथ पाटोळे यांना मी काहीही ठेवलेले नाही. हा राग नसून कायदा आहे. त्यांना साक्षीदार निवडले कारण पुलपिटावर काय वाचले जाईल हे तेच ठरवतात. दुसरे साक्षीदार समोरचे श्री. नागोराव कोंडे, ज्यांना आमच्या मंडळीशी काही घेणे-देणे नाही.

आज रविवारी उपासनेनंतर श्री. पाटोळे यांनी हा कागद येथपर्यंत माझ्यासमोर वाचला. चौथे कलम त्यांनी दोनदा वाचले आणि पडवीकडे पाहिले. मग त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. ती येथे नोंदवते, म्हणजे पुढे वाद नको.

ते म्हणाले, “बाई, ‘हरवलेली नव्हती’ याऐवजी ‘सापडली’ असं लिहू या का? मंडळीला ते मानवेल. आणि सरांचाही शब्द राहील.”

मी म्हणाले, “रंगनाथ, तू तिला खुर्चीतून उठवलंस. ती उठली, कारण तू पाहुणा होतास. आता तू तिला जागा दे.”

त्यांनी दुरुस्ती मागे घेतली आणि पेन मागितले.

स्थळ : वडगाव शेरी, पुणे
दिनांक : १८ नोव्हेंबर २००७

(सही) सुगंधा शांतवन रणपिसे

मृत्युपत्र करणारीने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर :

१. (सही) नागोराव कोंडे, शेजारी

२. (सही) रंगनाथ पाटोळे, सेक्रेटरी. निवेदन मी स्वतः वाचेन. आहे तसे.