शकुबाईचा विळा आणि पान सात

मी, रतन शिवराम ओव्हाळ, वय ७०, अविवाहित, देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेली कारकून, मूळ गाव औंढे, तालुका मावळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला राग आलेला आहे, परंतु त्याने माझ्या समजुतीत फरक पडलेला नाही.

१. देहूरोड येथील माझ्या दोन खोल्या व बँकेतील ठेव रेणुका भालेराव हिला मिळावी. माझी थोरली बहीण यशोधरा हिच्या हाताखाली ती शिकली आणि शेवटच्या आजारात तिनेच यशोधराला भरवले. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिने करावी.

२. यशोधरा आमच्या भागातली पहिली ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दुखावलेल्या हातांना जेवणे, बटण लावणे, कापणी करणे पुन्हा शिकवण्यासाठी तिने कामशेतला केंद्र काढले. ती गेल्यावर केंद्राने तिचे चरित्र छापले. घराण्याचा शोध घ्यायला पुण्याहून अनघाबाई आल्या. पान सातवर वंशावळ आहे. तीत पणजोबा आहेत, चुलते आहेत, चुलत्यांचे नातूसुद्धा आहेत. आमची आई शकुबाई नाही. मी त्यांना फोन केला.

"मावशी, वंशावळ जमिनीच्या वारसनोंदीवरून केलीय. त्यात आईंचं नाव नाही. कागदोपत्री पुरावा नको का?"

"मग यशोधरा काय पेंढ्यात सापडली?" एवढे बोलून मी फोन ठेवला.

आई वडिलांच्या आधी वारली, म्हणून वारस म्हणून तिची नोंद झाली नाही. त्या जमिनीत भात मात्र तिने लावला, तिनेच कापला.

३. नोंदीचा कागद माझ्या भावाचा मुलगा आकाश याने पुरवला. मी विचारल्यावर म्हणाला, "आत्या, आजी गिरणीत मजूर होती हे कशाला छापायचं? मोठमोठे पाहुणे वाचणार." आकाशला माझ्याकडील चरित्राची प्रत मिळावी. पान सातवर मी शाईने आईचे नाव घातले आहे. याखेरीज त्याला काही मिळू नये.

४. १९६२ साली कामशेतच्या एका भाताच्या गिरणीत आईचा उजवा हात यंत्राच्या चालू पट्ट्यात गेला. अंगठा आणि पहिले बोट राहिले. तेव्हा शेजारी काम करणाऱ्या पुतळाबाई आज माझ्यासमोर बसल्या आहेत. त्या सांगतात ते तसेच लिहिते: "पट्टा म्या बांबूनं पाडला. शकू वराडली न्हाई. मला म्हनली, पोरींस्नी सांगू नगं."

त्या साली कापणीला आईच्या हातात विळा ठरेना. यशोधरा अकरा वर्षांची होती. तिने मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड केली आणि मनगटात अडकवायला जुन्या चपलेचा पट्टा शिवला. आईने त्या विळ्याने वीस वर्षे भात कापला. केंद्रातल्या चमच्यांना ज्या जाड मुठी आहेत, त्या तिथून आल्या. चरित्रात लिहिले आहे, ही कल्पना यशोधराला परदेशातल्या प्रशिक्षणात सुचली.

५. आता केंद्राला तोच विळा काचेच्या कपाटासाठी हवा आहे. पाटीचा मजकूरही त्यांनी कळवला: "मावळातील पारंपरिक अवजार." विळा देऊ नये. तो रेणुकाकडे राहावा. बोटे गेलेला पेशंट आला की तिने तो त्याच्या हातात द्यावा आणि शकुबाईचा म्हणून सांगावे. बोथट झाल्यास धार लावून घ्यावी.

६. हे मृत्युपत्र मी रीतसर नोंदवणार आहे. माझ्या मागे रेणुकाने याची शिक्क्याची नक्कल अनघाबाईंना पाठवावी. त्यांनी कागद मागितला होता. हा कागद.

शकुबाई शिवराम ओव्हाळ, यशोधरा व रतन यांची आई.

वरील सर्व मी लिहिले, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवले व त्यांच्यादेखत सही केली.

सही: रतन शिवराम ओव्हाळ

साक्षीदार:
१. डॉ. समीक्षा गणेश रोकडे, कामशेत (सही)
२. पुतळाबाई शिदू हिलम, वय ८४, राहणार औंढ्याच्या वरची वाडी (डाव्या अंगठ्याचा ठसा). कलम चार पुन्हा वाचायला लावून म्हणाल्या, "व्हय, असंच झालं. म्या तितं व्हते."

ठिकाण: औंढे
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५