शेरूची दाढ आणि शनिवारची रोटी

शनिवार, संध्याकाळ. भोपाळ.

आजही बोटाला ओलं फडकं गुंडाळून आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे, शेरूचे, दात पुसले. मागची दाढ हलली, रक्त आलं. डॉक्टर म्हणतात, या वयात भूल सोसणार नाही, घरीच साफ ठेवा. ठेवते. पण उपयोग?

शेजारच्या क्वार्टरमधल्या मिश्राभाभी दर शनिवारी त्याला गूळ लावलेली रोटी घालतात. काळ्या कुत्र्याला शनिवारी खाऊ घातलं की शनीची पीडा टळते म्हणे, आणि मुलाला नोकरी लागावी म्हणून. नको म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आज त्याने रोटी तोंडात घेतली आणि खाली टाकली.

"दीदी, शेरू नाराज़ है क्या हमसे?" भाभींनी विचारलं.

"नहीं भाभी, पेट भरा है उसका."

खोटंच. सकाळपासून उपाशी आहे.

फडकं धुऊन वाळत घातलं, उगाच. रोटीला मुंग्या लागल्यात, आणि शेरू तिच्याशेजारी बसून शेपूट हलवतोय.