वेणूमावशीची मांजरं

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

आलो एकदाचे! कल्याणच्या दीड खोलीतून सुटलो आणि आटगावच्या या बैठ्या घरात सामान टाकलं. पुढे अंगण, मागे परस, आणि सगळं आम्हा दोघांचं. रितेश म्हणाला, आता मेथी विकत आणायची नाही. मी चहा व्हायच्या आत दोन वाफे केले, कुंपणाशी वाल टोकला. शेजारी वेणूमावशी एकटीच राहते, साठीच्या आसपासची. म्हणजे माणसांत एकटी. मांजरं सात आहेत. सगळ्यांत धाकटी पांढरी, तिचं नाव चांदी. मावशीनं आल्या आल्या पडवळ दिलं. भली बाई दिसते.

शनिवार, ९ नोव्हेंबर

मेथी उगवली आणि मांजरांना संडास मिळाला. रोज सकाळी वाफा उकरलेला. मी लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, बाभळीच्या फांद्या पसरल्या, शेवटी तिखट शिंपडलं. दिवसभर शिंकत मीच होते, आणि ती सातही कुंपणावर बसून माझी गंमत बघत होती. मावशीच्या परसात मात्र एक ओरखडा नाही. तिचा वाल कमरेएवढा, माझा अजून डोकं वर काढायला लाजतोय. राग मांजरांचा येत नाही, तिचाच येतो. इथे कोण वाचणार आहे? जळते मी तिच्यावर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

रितेश सातला येतो आणि पिशवीही न ठेवता कुंपणाशी उभा राहतो. चांदी त्याच्या खांद्यावर, बाकीची पायांत. आज तब्बल वीस मिनिटं. वर माझ्यापुढे कौतुक, मावशीचा वाल बघ, मावशीची मांजरं किती शहाणी. माझी भाकरी गार झाली. मी भांडी आपटली.

मावशीची एक रीत आहे. भात आणि सुकट परसातल्या दगडावर ठेवते आणि पाठ फिरवून लगेच आत जाते. हातानं भरवत नाही, स्वतःच्या ताटातलं तर कधीच देत नाही. विचारलं तर म्हणाली, मांजराला आपलं उष्टं देत नाय गो, दिलं की ती त्या माणसाची होतात, मग कुणाला देता येत नाय की सोडता येत नाय. मला आधी हसू आलं. मग वाटलं, एवढं सोपं आहे?

सोमवार, १८ नोव्हेंबर

शहापूरच्या बाजारातून चांगलं सुकट आणलं. दुपारी मागच्या पायरीवर जेवायला बसले. घासातला अर्धा मी खाल्ला, उरलेला हातावर धरला. चांदीनं तळवासुद्धा चाटून घेतला. मग सगळी आली, एकेक घास घेऊन गेली. मावशी कुंपणापलीकडून बघत होती. मला वाटलं, आता रडेल. रडली खरी, पण हसतही होती.

रविवार, २४ नोव्हेंबर

जिंकले! मेथीला नखही लागत नाही. मी जाईन तिथे सातजणांची वरात. रितेशनं चांदीला हाक मारली तर ती त्याला ओलांडून माझ्याकडे आली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मला फार बरं वाटलं.

सकाळी मावशी पिशवी घेऊन मुरबाडला लेकीकडे गेली. मावशीचा नवरा चंदर तिथेच असतो म्हणे. अकरा वर्षांत ती एकदाही त्याला भेटायला गेली नव्हती. निघताना माझे हात धरून म्हणाली, मनस्वी, माफ कर गो. कशाबद्दल, ते सांगितलं नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

काल रितेशनं माझ्या केसांतला पाचोळा काढला. मोठ्या बोक्यानं त्याच्या गालावर तीन रेघा ओढल्या. आज जेवताना तो शेजारी बसला, तर मनगटाचा लचका. शहापूरला नेऊन इंजेक्शन दिलं. तो लांब बसला की सगळी शांत असतात. मी त्याला लांब बसायला सांगितलं.

सोमवार, २ डिसेंबर

रितेशनं सातही पोत्यांत घालून हायवेपलीकडे सोडली. तो परत यायच्या आत ती पायरीवर ओळीनं बसली होती, माझ्याकडे तोंड करून.

मावशीला फोन केला. पाया पडते, घेऊन जा म्हटलं. ती म्हणाली, मी नाय दिली, तू घेतलीस. मग म्हणाली, चंदरला जवळ राहू द्यायला नको होतं, त्याचा एक डोळा गेला. मी विचारलं, कुठल्या मांजरानं? ती म्हणाली, मांजरानं नाय गो. आणि फोन ठेवला.

बुधवार, ४ डिसेंबर

रितेश ओट्यावर झोपतो. बिचारा. पण चांदी मांडीवर असली की उठवत नाही मला. इतकं टक लावून माझ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. रितेशनेही नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

त्यानं दूध आणलं. मांजरांशी समेट म्हणे. चांदी त्याच्याकडे गेली. त्याच्या हातची बशी — प्यायली! घास मी दिला होता. मी.

शुक्रवार, ६ डिसेंबर

दोन दिवस वाफ्याला पाणी नाही. रितेश म्हणतो, उद्या तुझ्या आईकडे जाऊ, घर सोडून देऊ. मांजरांना इथेच ठेवून. मला कळतं त्याचं. मला तिथे टाकायचं आणि आपण एकट्यानं इथे येऊन —

नाही. असं नाही. रितेश तसा नाही. मी हे काय लिहितेय?

शनिवार, ७ डिसेंबर, संध्याकाळ

डोकं ताळ्यावर होतं तेवढ्यात त्याला फोन केला. घरी येऊ नकोस. माझ्यापासून लांब राहा. मांजरांपासून नाही, माझ्यापासून. तो म्हणाला, घाबरू नकोस, आसनगाव स्टेशन गेलं, आलोच.

फाटक वाजलं.

सहा इथेच पायरीवर. हललीसुद्धा नाहीत. चांदी धावली. त्याच्याकडे. त्यानं उचललं तिला, गालाशी धरलं — तिनं डोळे मिटले, माझ्यापाशी कधी असे —

रितेश, खाली ठेव तिला. पळ. खाली ठेव —

माझी आहे ती.

सहाही माझ्याकडे बघतायत. वाट बघतायत. त्याचे दोन्ही डोळे तिच्यावर, दोन्ही — मी उठ