सोलर कुकरातला भात

बाबा,

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर बसवायचं की नाही यावर गेल्या रविवारी मीटिंग झाली आणि तिथे मी तुमचं भाषण केलं. शब्द न् शब्द तुमचाच. "सूर्य कोणाच्या बापाचा नाय, तो बिल पाठवत नाय, आणि पाच वर्षांनी हात जोडून दारात उभा राहत नाय." शहापुरात राहून माझं बोलणं आता बरंच पांढरपेशं झालंय, पण हे वाक्य तुमच्या सुरातच बाहेर पडलं. टाळ्या पडल्या, ठराव पास झाला. मग वडे खाता खाता सेक्रेटरी मला म्हणाले, "बरं झालं ताई, आता दिवसभर एसी बिनधास्त लावता येतील." त्यांच्या घरात माणसं तीन आणि एसी चार आहेत. चौथा कोणासाठी आहे हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतंत, आणि वडाही परत ठेवला असतात. मी दोन खाल्ले.

घरी येताना तुमची फार आठवण आली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कोणी नवीन वस्तू घेतली की मला आधी तुमचा आवाज ऐकू येतो. भातसानगरच्या क्वार्टरमध्ये आपण राहायचो, तुम्ही धरणावर पाण्याची पातळी लिहायचात, आणि ड्युटीवरून आलात की देशाची पातळी सांगायचात. ती नेहमी खालीच जात असायची. देशाचा बाजार नुकताच उघडला होता. कॉलनीत एकेकाकडे फ्रिज, मिक्सर, रंगीत टीव्ही येत होते आणि तुम्ही ओट्यावर बसून म्हणायचात, "बाजार उघडला म्हंजे आपण पिशवी घेऊन धावायलाच पायजे असं नाय. त्याला उघडा राहू दे, दमल आपोआप." कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन आठवडे थांबायचं, असा आपल्या घरचा कायदा होता. तोवर हौस उतरते, असं तुमचं म्हणणं. आईची मिक्सरची हौस काही उतरली नाही, पण कायदा दर तीन आठवड्यांनी नव्याने लागू होत गेला आणि आई बारा वर्षं पाट्यावर वाटत राहिली. एका पक्षाच्या सभेला जाऊन आलात की दुसऱ्याच्या सभेला जायचात, दोघांनाही शिव्या घालायचात, आणि मतदानाला मात्र इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी रांगेत उभे राहायचात.

असे तुम्ही, शहापूरला पंचायत समितीच्या आवारात कसलंसं प्रदर्शन होतं तिथे गेलात आणि तीन आठवडे सोडा, तीन मिनिटंही न थांबता सोलर कुकर घेऊन आलात. एसटीच्या टपावरून तो उतरवताना अख्खी कॉलनी बघत होती. मोठ्या सुटकेससारखी पेटी बघून शेजारच्या काकूंनी विचारलं, "भाऊ दुबईला चाललेत काय गो?" तुम्ही अंगणात पेटी उघडलीत. झाकणाला आतून आरसा, खाली जाड दुहेरी काच, आत काळे रंगवलेले चार डबे. तुम्ही जमलेल्या लोकांना सांगितलंत की ही क्रांती आहे. क्रांतीचा पहिला फायदा कावळ्यांना झाला. आरशातल्या कावळ्याशी भांडायला रोज एक कावळा येऊ लागला आणि दमेपर्यंत चोच मारू लागला. दुसरा फायदा कॉलनीतल्या बायकांना झाला, कारण एवढा मोठा आरसा कोणाच्याच घरात नव्हता.

पहिल्याच रविवारी तुम्ही तुमच्या ऑफिसातल्या दोघांना जेवायला बोलावलंत. सकाळी तांदूळ आणि डाळ लावून तुम्ही त्यांना आणायला गेलात. दर अर्ध्या तासाने पेटी उन्हाकडे फिरवायचं काम मला दिलंत. साडेबारा वाजता आईने डबा उघडला तर आत तांदूळ कोमट पाण्यात पोहत होते. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही फाटकाशी दिसत होतात, पाहुण्यांना सौरऊर्जा समजावत हळूहळू येत होतात. तुमचं समजावणं किती वेळ चालतं हे आईला पक्कं माहीत होतं. तेवढ्यात तिने गॅसवर भात केला, प्रेशर कुकरमध्ये डाळ केली, काळ्या डब्यांत भरली, डबे पेटीत ठेवले आणि झाकण लावून पदराने घाम पुसत उभी राहिली. तुम्ही देव्हारा उघडावा तशी पेटी उघडलीत. वाफ आली. पाहुणे म्हणाले, चवच वेगळी आहे. तुम्ही म्हणालात, "उन्हाची चव हाय ती."

त्या दिवसापासून हे रोजचंच झालं. सकाळी तुम्ही पेटी लावून जायचात. बाराच्या सुमाराला आई कच्चा भात काढून गॅसवर चढवायची आणि दीड वाजता तुम्ही जेवायला यायच्या आत परत पेटीत ठेवायची. "त्यांचा जीव हाय त्या पेटीवर," ती म्हणायची. "एवढी लोकांनी फशिवलेली माणसं हायत ती. एक गोष्ट तरी खरी होऊ दे त्यांची." मला तेव्हा ती मोठी गंमत वाटायची.

पण सिलिंडर गमतीत नव्हता. तुमच्या हिशेबाने तो आता दुप्पट पुरायला हवा होता आणि तो पूर्वीइतकाच पुरत होता. मग तुम्ही चौकशी बसवलीत. संशय आधी दिल्लीवर घेतलात, तिथून मुंबईवर, मग तालुक्याच्या गॅस एजन्सीवर, आणि शेवटी खांद्यावरून सिलिंडर आणून देणाऱ्या माणसावर येऊन थांबलात. सापगावच्या पलीकडच्या वाडीतला, घरची गुंठाभर जमीन नसलेला, कधी मोठ्याने न बोलणारा तो माणूस. वाण्याचा काटा आणून तुम्ही त्याच्यासमोर सिलिंडर तोललात. वजन बरोबर भरलं. दुसरा कोणी गप्प बसला असता. तुम्ही म्हणालात, "म्हंजे पाणी भरतोस. अरे, पाण्यातच माझी नोकरी हाय, मला शिकवतोस?" तो म्हणाला, "नाय साहेब, मी तर फक्त उचलतो." तुम्ही अर्ज लिहिलात. कॉलनीत सगळ्यांनी सह्या केल्या, कारण आपल्याला कोणीतरी लुबाडतंय याची प्रत्येकालाच खात्री होती, फक्त कोण ते नक्की ठरत नव्हतं. तुम्ही ते ठरवून दिलंत. एजन्सीवाल्याला कटकट नको होती. त्याने त्या माणसाला घरी बसवलं.

इथपर्यंत सगळं तुम्ही वाचलं असतंत तर आईवर रागावला असतात. म्हणून पुढचं आता सांगायलाच हवं. बाबा, पेटी चांगली होती. मी ती फिरवतच नव्हते. त्या पहिल्या रविवारी तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि मी शेजारच्या काकूंकडे रंगीत टीव्हीवर मालिका बघायला गेले, ती साडेबारालाच परत आले. तोवर आपल्या पेटीवर घराची सावली येऊन बसली होती. नंतरही, शाळा दुपारची असल्याने, सकाळभर मी तिथेच. आई स्वयंपाकघरात, तिला वाटायचं मी अंगणात आहे. यंत्रच कुचकामी आहे असं ती शेवटपर्यंत म्हणत गेली. आणि मला हे नुसतं वाटत नव्हतं, माहीत होतं. मे महिन्यात आई वैशाखरे गावाला माहेरी गेली होती, आणि नेमका शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडला होता. दुसरं काही करायला नाही म्हणून मी डोक्यावर पंचा टाकून सबंध सकाळ पेटी फिरवली. भात मोकळा शिजला. डाळ तर लोण्यासारखी. तुम्ही आयुष्यात उन्हावर शिजलेलं खरोखरीचं जेवण तेवढ्या एकाच दिवशी जेवलात. मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले होते. तुम्ही म्हणालात, "मीठ कमी पडलंय आज." मी कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर रोज उन्हात उभं राहावं लागलं असतं.

गॅसवाल्याला काढल्याचं कळलं तेव्हा आई रडवेली झाली. "आता काय करायचं गो? सांगायचं का त्यांना?" मी नववीत होते, माझ्या ओठांवर आलं होतं. पण आईचा गुन्हा उघडा पडला की माझाही पडणार होता. मी म्हणाले, "घेतील गं त्याला परत, चार दिवसांनी." ती माझं ऐकून थांबली. चार दिवसांचे चार आठवडे झाले आणि तो बायकोमुलांना घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्याचं कानावर आलं. त्याच दिवशी आई तुम्हाला न सांगता एसटीने एजन्सीत गेली आणि कबुली देऊन आली. एजन्सीवाला म्हणे हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. परत घेतो म्हणाला. पण आगाऊ उचल घेतली की भट्टीवरून मधेच सुटता येत नाही. तो पावसाच्या तोंडाशी परत आला. आधी मागच्या दाराने आला, आईने त्याला सगळं सांगितलं आणि हात जोडले. मग पुढच्या दाराने सिलिंडर घेऊन आला.

तुम्ही त्याला खुर्चीत बसवलंत. चहा सांगितलात. "माणूस चुकतो," तुम्ही म्हणालात, "पण सुधारतो तो खरा. देश असाच सुधारतो." तो एकदा आईकडे बघतो, एकदा कपाकडे. आई दाराआड, मी तिच्यामागे. "व्हय साहेब," तो म्हणतो, "परत नाय व्हायचं." तुमचे डोळे भरून आले होते. पुढे कितीतरी लग्नांत, बारशांत तुम्ही ही गोष्ट सांगितलीत.

पावसाळा सरून पेटी परत अंगणात आली, तेव्हा तुमचा विजय खरा ठरावा म्हणून आई दुपारचा भात मागच्या बाजूला रॉकेलच्या स्टोव्हवर करू लागली. सिलिंडर पुरू लागला, तुम्ही खूश झालात. दोन महिन्यांनी, रॉकेल पुरेना म्हणून, तुम्ही रेशनच्या दुकानदाराकडे संशयाने बघायला लागलात. तेव्हा मात्र आईने वरवंटा घेतला, पेटीची काच फोडली आणि कावळ्याचं नाव सांगितलं. दुहेरी जाड काच होती ती, पण तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. कावळ्यावर तुमचा राग जुनाच होता.

मला हसू येतं हे लिहिताना, आणि मग येत नाही. कारण भट्टीच्या त्या हंगामात गॅसवाल्याची थोरली मुलगी सहावीची परीक्षा बुडवून विटा उचलत होती, आणि नंतर ती शाळेत गेलीच नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. मतं माझीही तुमच्याइतकीच ठाम आहेत बाबा. सरकार चोर, बाजार चोर, हप्त्यावर मोबाइल घेणारे मूर्ख, एसीसाठी सोलर लावणारे महामूर्ख. मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून बोलते. पण अर्ध्या तासाने उठून एक पेटी फिरवायची, एवढंच माझ्या वाट्याला आलं होतं, ते मी केलं नाही.

परवा बाजारात तो भेटला. पार वाकलाय. त्यानेच ओळखलं. म्हणाला, "साहेब भला माणूस होता गो. मला खुर्चीत बसवून चा पाजला. आमाला कोन बसवतो खुर्चीत?" मी म्हणाले, "हो ना." भाजी घेतली आणि घरी आले.

हे पत्र खरं म्हणजे त्यालाच लिहायला हवं होतं. त्याला वाचता येत नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण त्याच्यासोबत त्याची नात होती, त्या थोरलीची मुलगी, नववीत आहे. दुकानांच्या पाट्या ती त्याला भराभर वाचून दाखवत होती. पत्रही दाखवलं असतं. म्हणून तुम्हाला लिहिलं.